उजवा रकाना

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवलंय, पुढे कधी कोणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे जी मुलगी भिंगं बसवते, तिने माझा नवा चष्मा दोन्ही हातांनी माझ्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, "वर बघा. आता माझ्याकडे." मी बघितलं. संपलं.

जुना चष्मा कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या चौकटीवर आपटून मोडला, त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून चिकटपट्टी लावलेल्या काडीवर दिवस काढत होतो. त्या दिवशी सरांनी माझं जर्नल सगळ्यांसमोर टेबलावरून खाली ढकललं, मी स्टूल लाथाडलं, ते कपाटावर जाऊन आदळलं, आणि मी जो बाहेर पडलो तो परत गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. बाबांना तत्त्व पटलं नाही. आता ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर जेवत असतो आणि ते आईला म्हणतात, "त्याला विचार, आजचा दिवस कुठल्या भिंतीकडे बघण्यात गेला."

तर ती. माझ्या आधी ती फोनवर बोलत होती. "तोंडी परीक्षा परत घेणारेत, दहा एप्रिलला. तेव्हाही नाही बोलला तर वर्ष गेलं. हो, त्या छापखान्याच्या वरच्या वर्गाला घातलंय त्याला, बुधवार-शनिवार." धाकट्या भावाबद्दल होतं सगळं. आता त्या वर्गाच्या जिन्यात 'मदतनीस पाहिजे' असा कागद लागलेला मी परवाच वाचला होता. याला काय म्हणायचं?

८ मार्च, शनिवार

वर्ग म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरची एक लांबट खोली. खाली यंत्र सुरू झालं की वर फरशी थरथरते आणि फळ्याखालचा खडू आपोआप घरंगळत जातो. दहा खुर्च्या, आठ मुलं, वय तेरा ते सतरा. प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःबद्दल एकेक वाईट वाक्य ठाण मांडून बसलेलं. वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी तीस वर्षं शाळेत शिकवलं, मग या वयात मानसशास्त्राची पदवी घेतली. मला विचारलं, "मुलांबरोबर काम का करायचंय?"

"मुलं आवडतात."

"बरं. खोटं बोलताना चष्मा वर सरकवतोस, तेवढं सांभाळ. मुलांच्या लगेच लक्षात येतं." आणि ठेवून घेतलं.

पद्धत साधी आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे मन काय म्हणतं ते लिहायचं. 'मी तोंड उघडलं की सगळे हसतात.' मग खरोखर कुठेतरी जाऊन तोंड उघडून बघायचं. याला इथे प्रयोग म्हणतात. उजवीकडे काय घडलं ते, दिसलं तसं. किती लोक होते, किती हसले, पुढे काय झालं. 'मी शूर आहे', 'मी कुणापेक्षा कमी नाही' असलं काही लिहायचं नाही. मॅडम म्हणतात, ते भिंतीवर लावायला ठीक आहे, पण मन असल्या पाट्यांना भीक घालत नाही, त्याला पुरावा लागतो. मदतनिसाला नियम एकच: उजव्या रकान्यात हात घालायचा नाही.

तिचा भाऊ पंधरा वर्षांचा, उंची सहा फूट. मुलं त्याला खांब म्हणतात आणि तोही त्या हाकेला ओ देतो, म्हणजे मान हलवतो. एका वर्षात उंची वाढली तसा आवाज फुटला. जानेवारीतल्या तोंडी परीक्षेत पहिल्याच वाक्याला आवाज चिरकला, तिघांतल्या एका परीक्षकाला हसू आलं, आणि हा पुढची दहा मिनिटं नुसता उभा राहिला. तेव्हापासून बाहेर बोलणं बंद. घरी ताईशी बोलतो, तेही अडलं तर.

संध्याकाळी ती त्याला न्यायला आली. मला ओळखलं. म्हणाली, "चष्मा टोचत नाही ना?" (सगळ्या गिऱ्हाइकांना कोण असं विचारतं?) मग म्हणाली, "आई नाही आम्हाला. बाबा लांबच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात. हा एकदा मार्गी लागला की मी मोकळी." मोकळी म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. खाली स्कूटरवर तिचा कोणी मावसभाऊ वाट बघत होता. हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः तिला लावून दिला. नातेवाईक असावेत तर असे.

१२ मार्च, बुधवार

खांबाचा पहिला प्रयोग. कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात जाऊन रिफिल मागायची आणि मग "दुसऱ्या रंगाची द्या" म्हणायचं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा. एक गिऱ्हाईक आलं, घेऊन गेलं. दुसरं आलं, घेऊन गेलं. दुकानदाराने याला तीनदा विचारलं, "काय देऊ?" हा छताकडे बघतोय. शेवटी वळून आला. उजवीकडे लिहिलं: 'नऊ मिनिटं उभा होतो. बोललो नाही. कोणी हसलं नाही, कारण बोललोच नाही.'

मॅडम खूश. "अगदी खरं लिहिलंस. पुढच्या वेळी एक शब्द."

एक शब्द. दहा एप्रिलला एकोणतीस दिवस राहिलेत आणि या एकेक शब्दाने निघाल्यात. मी म्हणालो, "मॅडम, असं चाललं तर याचं वर्ष आपल्या डोळ्यांदेखत जाईल."

"घाई त्याला आहे की तुला?"

मी खुर्ची जरा जोरात मागे सरकवली. जरा म्हणजे ती पडली. आठही मुलांनी माना खाली घातल्या. मॅडमनी खुर्ची उचलली नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मी उचलली.

ती आली तेव्हा वही वाचून जिन्याच्या पायरीवरच बसली. दिवसभर बारीक स्क्रू पिळून तिची बोटं लाल झाली होती. मला ते बघवेना.

१५ मार्च, शनिवार

आज केलं ते फक्त इथे लिहितो. वर्गाच्या तासभर आधी त्या दुकानात गेलो. म्हटलं, "एक उंच मुलगा येईल, रिफिल मागेल. आवाज चिरकतो त्याचा. हसायचं नाही."

दुकानदार म्हणाला, "मी हसतो कधी? आमच्या घरी तीच तर तक्रार आहे."

"आणि सारखं काय देऊ, काय देऊ करायचं नाही. त्याला वेळ द्यायचा."

"अरे, पण आहे कोण हा? मंत्र्याचा मुलगा आहे का?"

खांब गेला. चार मिनिटं उभा राहिला. दुकानदार देवासारखा शांत. मग खांब म्हणाला, "रिफिल." शब्द खालून निघाला आणि मध्येच छताला जाऊन लागला. दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "निळी की काळी?" एवढंच. रस्ता ओलांडताना खांबाच्या पायांत बळ आल्यासारखं दिसत होतं. उजवीकडे लिहिलं: 'एक शब्द बोललो. दोघे जण होते. कोणी हसलं नाही.'

मी रकान्याला हात लावलेला नाही. मी दुकानदाराशी बोललो, आणि दुकानदार काही रकाना नव्हे.

२२ मार्च, शनिवार

गाडी रुळावर आली. बुधवारी वाचनालयात पुस्तक मागितलं, पूर्ण वाक्य बोलून. (मंगळवारी वाचनालयातल्या बाईंना भेटून आलो होतो. त्यांनी तर डोळ्यांत पाणी आणलं.) आज वर्गात उभं राहून त्याने वहीतलं पान वाचलं. बाकीच्या सात जणांना मी जिन्यातच गाठून सांगितलं होतं, खिदळाल तर याद राखा. एकीने विचारलं, "टाळ्या वाजवायच्या का?" म्हटलं, जास्त नाही, मनापासून वाटतील एवढ्याच.

मॅडमना काहीतरी खटकलं असावं. मला म्हणाल्या, "सगळेच प्रयोग यशस्वी होतायत."

"मग चांगलंच आहे ना?"

"मी तीस वर्षांत असं पाहिलेलं नाही. एखादा तरी कुठेतरी हसतोच. आणि त्याला ते कळायला हवं, की हसला तरी पुढे चालतं."

मी चष्मा वर सरकवला नाही. लक्ष ठेवून होतो.

ती आज हसली. चार पायऱ्या खाली उतरून परत वर आली आणि म्हणाली, "काल घरी त्याने स्वतःहून विचारलं, ताई, चहा ठेवू का. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही." मी म्हणालो, "वेळ आली की सांगेन." ती एकदम खाली बघायला लागली. लाजली असणार. मावसभावाने खालून हॉर्न दिला. या माणसाला दुसरा काही कामधंदा नाही का?

२९ मार्च, शनिवार

बारा दिवस राहिले. मोठा प्रयोग बुधवारऐवजी मंगळवारी ठेवायचा असं खांबानेच ठरवलं: केस कापायला एकट्याने जायचं आणि कसे कापायचे ते स्वतः सांगायचं. आजवर ताईच जाऊन सांगायची. मी परवाच केशकर्तनालयात जाऊन आलो. तिथला माणूस हसतमुख आहे, तीच काळजी होती. त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, "साहेब, निर्धास्त राहा. भाऊ का तुमचा?" मी हो म्हणालो. म्हणायला फार बरं वाटलं.

आई म्हणाली, "हल्ली तू घरात ओरडत नाहीस." बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "त्याला सांग, मी ऐकलंय." आता हे कौतुक होतं की काय होतं, देव जाणे.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं मातीत गेलं.

खांब खुर्चीत बसला. कसे कापायचे ते सांगितलं, पूर्ण तीन वाक्यं. तो माणूस कापू लागला आणि अर्धं डोकं झाल्यावर, चांगल्या मनाने, आरशात बघून त्याला म्हणाला, "तुझा दादा भला माणूस आहे. मुद्दाम येऊन सांगून गेला, आवाज कसाही आला तरी हसू नका. सांग बरं, मी हसलो का?"

खांब उठला. अंगावरचं कापड तसंच गळ्यात, अर्धे केस कापलेले, अर्धे कानावर, तसाच रस्त्यावर आला. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला लिहिता येत नाही. ते कापड काढून घडी केलं, दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि चालायला लागला. मी मागे धावलो. "अरे, ऐक तर." तो तिथून थेट त्या वह्या-पेनांच्या दुकानात गेला, काउंटरसमोर उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून दुकानदाराकडे नुसता बघत राहिला.

दुकानदार म्हणाला, "हो, हेच आले होते की."

वाचनालयाकडे वळला नाही. गरज उरली नव्हती.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी केशकर्तनालयात गेलो आणि त्या माणसाची कॉलर धरली. "तुला सांगायला कुणी सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "साहेब, हसू नको म्हणालात, हसलो नाही. बोलू नको म्हणाला होतात का?" कात्री त्याच्याच हातात होती, तरी भ्यायला नाही. म्हणाला, "कॉलर सोडा. नाहीतर मी हसेन."

सोडली.

खांब वर्गाला आला नाही. ती वर आलीच नाही, त्याची वही एका मुलीच्या हाती पाठवून गेली. पंधरा तारखेपासूनचा सगळा उजवा रकाना आडव्या रेघांनी खोडलेला. प्रत्येक ओळीखाली एकच शब्द: खोटं. आणि डावीकडे नवीन वाक्य: 'मी बोललो तर लोक हसतील, म्हणून दादाला आधी जाऊन हात जोडावे लागतात.'

मॅडमनी वाचलं. मुलं गेल्यावर दार लोटून म्हणाल्या, "आधी त्याला वाटायचं की लोक हसतील. आता त्याच्याकडे पुरावा आहे की तुलाही तसंच वाटत होतं."

"मी त्याच्या भल्यासाठी केलं."

"नाटक उभं केलंस त्याच्यासाठी आणि ते नाटक आहे हे त्याला सांगितलंच नाहीस. आठ दिवस राहिलेत. आता मी समजवायला गेले, तर त्याला वाटणार मीही तुझ्यातलीच."

मी म्हटलं, शाळेत जातो, जो परीक्षक हसला होता त्यालाच जाब विचारतो. त्या म्हणाल्या, "जा. त्यालाही आधी जाऊन सांग, हसू नको म्हणून."

३ एप्रिल, गुरुवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना फ्रेम दाखवत होती. त्यांच्या कानामागे काड्या दाबल्या, म्हणाली, "वर बघा. आता माझ्याकडे." ते गेल्यावर मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"अर्धे केस मी कापून सारखे केले," ती म्हणाली. "जरा तिरकेच झाले. तो माझ्याशीही बोलत नाहीये आता. चहासुद्धा विचारत नाही." मग म्हणाली, "तुम्ही हे कुणासाठी केलंत?"

"त्याच्यासाठी."

"खरं सांगा."

मी सांगितलं. चार वाजून दहा मिनिटांसकट. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी तिने दाराकडे बघितलं.

"माझं लग्न ठरून वर्ष झालं. रोज खाली येतात ना ते. हा दहावी पार झाला की करायचं असं आमचं ठरलंय. मी तुम्हाला म्हटलं होतं, हा मार्गी लागला की मी मोकळी." फडक्याने काच पुसायला लागली, जी स्वच्छच होती. "माझ्या भावाला तुम्ही शिडी केलीत. आता पडला तर तो पडणार. तुम्ही नाही."

ती हे आधीच स्पष्ट सांगू शकली असती. स्कूटरवर रोज कोण येतं हे माणसाने ओळखायचं तरी कसं?

५ एप्रिल, शनिवार

वर्गाला गेलो नाही. जेवलो नाही. बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग, डेपोच्या भांडारात माझ्या हाताखाली जागा आहे. महिनाअखेरपर्यंत काय ते ठरव म्हणावं, भांडार की कॉलेज." मी ताट सरकवलं. बाबांनी ते परत माझ्यासमोर ओढलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "खा." मग परत वर्तमानपत्र.

६ एप्रिल, रविवार

त्यांच्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बसलो. दोन तास. वरखाली जाणारे लोक मला ओलांडून जात होते. एका आजोबांनी विचारलं, "किल्ली हरवली का?" शेवटी खांब वरून आला, माझ्या दोन पायऱ्या वर बसला. केस आखूड आणि जरा तिरके. त्याची वही मी बरोबर आणली होती, ती दिली.

म्हटलं, "चुकलं माझं. मला वाटलं होतं तू कधीच बोलणार नाहीस. खरं तेच आहे."

त्याने नवं पान काढलं, मधोमध रेघ मारली आणि वही पेनासकट माझ्याकडे दिली. डाव्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणजे माझं वाक्य.

मी लिहिलं: 'कॉलेजातल्या सरांचं चुकलं होतं.' त्याने वाचलं आणि नकारार्थी मान हलवून वही परत माझ्या मांडीवर ठेवली. पुन्हा लिहिलं: 'मी तत्त्वासाठी कॉलेज सोडलं.' परत वही मांडीवर. त्याला काही घाई नव्हती. नऊ मिनिटं काउंटरसमोर उभा राहणारा मुलगा तो. खालच्या मजल्यावर कोणीतरी प्रेशर कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या मोजत बसलो. चौथ्या शिट्टीला लिहिलं: 'मी आधीच्या परीक्षेत दोन विषयांत नापास झालो होतो. त्या दिवशी सर ते सगळ्यांसमोर वाचणार होते. मी परत गेलो तर सगळे हसतील.'

हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

त्याने पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'उद्या जायचं. मी मागे उभा राहीन. आधी कोणाला सांगायचं नाही.'

७ एप्रिल, सोमवार

कॉलेजात गेलो.

प्रयोगशाळेत तास चालू होता. माझी जागा होती तिथे दुसराच कोणी बसलेला. मी दारात. खांब माझ्या मागे, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. सरांनी बघितलं. म्हणाले, "या. परवाच स्टुलं मोजली, सगळी जागेवर आहेत." हशा.

"सर, मला परत यायचंय."

"आणि तत्त्वाचं काय झालं? भाषण छान झालं होतं त्या दिवशी." परत हशा, आधीपेक्षा मोठा. मागच्या बाकावरून कोणीतरी स्टूल पायाने थोडं ढकललं, फरशीवर घासून आवाज आला, त्यावर अजून हसले. उजव्या हाताशी काचेच्या नळ्यांचं स्टँड होतं. एक हात फिरवला असता की झालं असतं सगळं. मागे खांब श्वास घेत होता, तो ऐकू येत होता.

"दोन विषय राहिलेत माझे," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "ते देईन. फॉर्मवर तुमची सही लागते."

"लेखी माफी आण. मग बघू. सही करेनच असं नाही."

"आणतो."

बाहेर आलो. सायकलींच्या शेडपाशी मी खाली बसलो. वाटलं, संपलं, आता या मुलाला घेऊन आलो ते काय दाखवायला? खांब वहीत लिहीत होता. लिहून झाल्यावर बोलला. सहा दिवसांनी, आणि आवाज तीन ठिकाणी चिरकला.

"बावीस जण होते. अकरा हसले. मी मोजले."

"मग?"

"मग काही नाही. तू उभा होतास." वहीत बघून म्हणाला, "सही नाही मिळाली. पण सही मागितलीस." पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

शेडमधल्या सायकलवाल्या दोन मुली त्याच्या आवाजाला हसल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, वहीत काहीतरी खूण केली आणि परत माझ्याकडे वळला. "गुरुवारचं जमेल की नाही माहीत नाही. दहाला," तो म्हणाला.

८ एप्रिल, मंगळवार

मॅडमना कॉलेजचं सगळं सांगितलं, नापासाचंही. त्या म्हणाल्या, "बुधवारी मुलांना तू सांग. अकरा जण हसले, हे आकड्यासकट."

संध्याकाळी तिचा फोन. "तो म्हणतोय, ताई नको, ताई रडते, दादा चालेल. परवा दहा वाजता शाळेच्या फाटकाशी या. कुणाला भेटू नका. कुणाशी बोलू नका."

"नाही बोलणार."

"मला तुमचा भरवसा नाही. त्याला आहे म्हणून सांगतेय."

फोन ठेवला. माफीचा अर्ज तिसऱ्यांदा लिहायला घेतला. पहिल्या दोन्हींत शेवटी सरांचंच चुकलं असं निघत होतं.

१० एप्रिल, गुरुवार

शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितोय. शिपायाने पाणी आणून दिलं, म्हणाला, "पोरगं आत आहे आणि घाम तुम्हाला."

काल मुलांना सांगताना जमलं. आज फाटकाशी खांब आधीच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, बाही अडीच बोटं आखूड. म्हणाला, "कुणाला भेटलास का?"

"नाही."

"नक्की?"

"आईशप्पथ."

मुलगा वयाने लहान म्हणून एका मोठ्या माणसाला मागच्या बाकावर बसू देतात. खोलीत हिरव्या कापडाचं टेबल, त्यामागे तिघे. एका बाईंना सर्दी झालेली, त्या रुमालातच होत्या. दुसरे पेन शोधत होते. आणि तिसरे तेच, जानेवारीत हसलेले. खांबाने मला डोळ्यांनीच दाखवलं, हे ते.

बाईंनी प्रश्न विचारला. "तुझ्या घरापासून शाळेपर्यंत कसं यायचं, ते नवख्या माणसाला सांग."

खांब उभा राहिला. हात मागे, बोटं एकमेकांत. मी मनात मोजायला लागलो. एक मिनिट. टेबलावरच्या पंख्याने कागद उडाला, कोणी उचलला नाही. दोन मिनिटं. पेनवाले घड्याळ बघायला लागले. त्यांचं पेन कागदावर टेकलं आणि ते लिहिणार काय हे मला कळत होतं. शून्य.

"घरातून निघालं," खांब म्हणाला, "की डावीकडे..."

'डावीकडे'चा शेवट फाटून वर गेला. तिसऱ्या परीक्षकांनी तोंडावर हात नेला. खांदे हलले. दोनदा हलले, मी बघितलं. बाईंनी रुमालाआडून त्यांच्याकडे पाहिलं. आणि खांब थांबला. तसाच, जानेवारीसारखा. मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती.

मी कधी उठलो ते कळलं नाही. बाक कर्रकन मागे सरकला. माझं तोंड उघडलेलं, पहिला शब्द जिभेवर: सर. पुढचे बरेच शब्द तयार होते. ते सगळे खरे होते.

खांबाने मागे वळून बघितलं. चेहरा लाल, ओठ पांढरे.

"दादा, तू बाहेर थांब," तो म्हणाला. 'थांब'ही चिरकलं.

पेनवाले म्हणाले, "असू दे रे, पालक आहेत, बसू दे त्यांना."

"नको," खांब म्हणाला. "मी बोलतोय." आणि त्या तिघांकडे तोंड करून उभा राहिला, माझ्याकडे पाठ.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाकांमधून वाट काढत दारापर्यंत आलो. त्या तिसऱ्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्यावर क्षणभर वाटलं, बोटभर फट ठेवावी. आतलं थोडं ऐकू येईल, अगदीच अडला तर लगेच आत जाता येईल. कडीवर हात तसाच राहिला. आतून अजून काहीच आवाज नव्हता.

मी बाहेर आलो आणि दार पूर्ण लावून घेतलं.